दुसऱ्या अपिलाची चार मिनिटं: हायकोर्ट आपल्या भांडणात नेमकं काय बघतं?

वेण्णाकाठ

मागच्या महिन्यात आत्याला घेऊन कोल्हापूरला हायकोर्टात जाऊन आले. साताऱ्याहून पहाटेची एसटी धरली आणि साडेदहाच्या आत सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत पोचलो. आत्या एकाहत्तर वर्षांची आहे. तिचा वाटपाचा दावा २००९ साली तालुक्याच्या कोर्टात दाखल झाला. २०१४ ला तिच्या बाजूने हुकूमनामा झाला, २०१९ ला जिल्हा कोर्टाने तो फिरवला आणि त्याच वर्षी मुंबईला दुसरं अपील गेलं. ते दाखल करून घ्यायचं की नाही एवढ्याच सुनावणीसाठी आम्ही सहा वर्षं थांबलो. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालं आणि कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांच्या फायली तिकडे गेल्या. आमचीही गेली.

भांडण गावोगावी असतं तसंच आहे. आजोबा १९८३ ला गेले. वारसनोंदीत दोन्ही मुलगे कब्जेदार म्हणून लागले आणि आत्याचं नाव 'इतर हक्क' या रकान्यात गेलं. तेव्हा मुलींच्या बाबतीत सर्रास असंच करायचे. १९८७ ला एका फेरफाराने जमीन दोन भावांच्या नावावर वेगवेगळी झाली. चुलत्यांचं म्हणणं असं की तेव्हाच तोंडी वाटप झालं, आता बहिणीचा हिस्सा कुठून आणायचा? माझे वडील बहिणीच्या बाजूने होते. ते २०२१ ला गेले, म्हणून आता त्यांच्या जागी मी आणि आई प्रतिवादी आहोत.

बोर्डावर आमचा नंबर ४१ होता. दुपारी पुकारा झाला. न्यायमूर्तींनी जिल्हा कोर्टाच्या निकालातलं एक पान उघडून आमच्या वकिलांना एकच विचारलं: यात कायद्याचा प्रश्न कोणता? वकील म्हणाले, नुसत्या फेरफारावरून तोंडी वाटप शाबीत धरता येतं का, हा. चुलत्यांचे वकील दोन-चार वाक्यं बोलले. न्यायमूर्तींनी लघुलेखकाला मजकूर सांगितला आणि पुढचा नंबर पुकारला गेला. मी घड्याळात बघत होते. चार मिनिटं.

बाहेर वकील म्हणाले, "मावशी, अपील ॲडमिट झालं, निकाल लागेपर्यंत जमीन जैसे थे ठेवायचा हुकूमही मिळाला." आत्याचा चेहरा तसाच. जिन्यात थांबून मला म्हणाली, "मला काही विचारलंच नाही गं. तो साक्षीदार खोटं बोलला, ते सांगायचं होतं मला." सोळा वर्षं तिने हे एक वाक्य मोठ्या कोर्टासाठी जपून ठेवलं होतं. कराडपर्यंत ती खिडकीबाहेर बघत बसली आणि मला तिची समजूत घालता आली नाही.

तेव्हापासून जमेल तितकं वाचते आहे, वकिलांना विचारते आहे. एक गोष्ट आता कळली आणि ती आम्हाला २००९ लाच कुणीतरी सांगायला हवी होती. हायकोर्ट म्हणजे आपलं गाऱ्हाणं पहिल्यापासून ऐकणारं मोठं कोर्ट, ही आपली समजूत आहे. प्रत्यक्षात ते खालच्या कोर्टाचे कागद वाचतं. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १०० प्रमाणे दुसऱ्या अपिलात 'कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न' असेल तरच हायकोर्ट हात घालतं. कोण खरं बोललं, कोण खोटं, याचा हिशेब पहिल्या अपिलात मिटलेला असतो.

ज्यांची प्रकरणं वरच्या कोर्टापर्यंत गेली आहेत त्यांनी आपापले अनुभव लिहावेत ही विनंती. दिवाणी, फौजदारी, काहीही. आत्याला वाचून दाखवणार आहे.

---

जुना_नाझर

ताई, फार चांगला धागा काढलात. माझी एकतीस वर्षं दिवाणी कोर्टाच्या कार्यालयात गेली, त्यातली बरीचशी रेकॉर्डमध्ये. तुमच्या आत्यांसारखी माणसं मी रोज बघितली आहेत. "इथं नाही तर वर न्याय मिळेल" म्हणत जायची आणि वर काय जातं तर आम्ही बांधून पाठवलेला गठ्ठा. त्या गठ्ठ्यात जे नाही ते वरच्या न्यायमूर्तींना दिसणार कसं?

कलम १०० पूर्वी एवढं कडक नव्हतं. १९७६ च्या दुरुस्तीने ते आवळलं गेलं. आता हायकोर्टाने तो प्रश्न आधी लेखी मांडावा लागतो आणि सुनावणी त्याच प्रश्नावर होते. म्हणून ती चार मिनिटं वाया गेली असं आत्यांना वाटू देऊ नका. दुसरी अपिलं मोठ्या संख्येने याच पायरीवर फेटाळली जातात. प्रश्न मांडला गेला म्हणजे दार उघडलं.

पहिलं अपील, म्हणजे जिल्हा कोर्टातलं, वेगळं असतं. तिथे साक्षीपुरावा पुन्हा तपासता येतो. साक्षीदार खोटं बोलला हे सांगायची शेवटची जागा ती, आणि लोक नेमके तिथेच ढिले पडतात. तालुक्याला जिंकलो म्हणून पक्षकार निवांत, वकीलही युक्तिवाद थोडक्यात आटोपतात.

साक्षीदाराबद्दल एक विचारू का? त्याचा उलटतपास कसा झाला होता? तुमच्याकडे जबानीची नक्कल असेल. त्या वाटपाला कोण हजर होतं, कोणता गट कुणाला आला, मोजणी झाली का, हे त्याला विचारलं गेलं होतं का? ते तिथे विचारलेलं असेल तरच आज कामाचं.

---

बांधकरी

आमचं रस्त्याचं प्रकरण आहे. शेजाऱ्याने वहिवाटीचा रस्ता नांगरून टाकला. मामलेदार कोर्ट ॲक्टखाली तहसीलदारांकडे गेलो, रस्ता खुला करायचा हुकूम मिळाला. प्रांतांनी तो रद्द केला. वकील म्हणतात हायकोर्टात रिट करू. बैलगाडी जायच्या रस्त्यासाठी हायकोर्ट? खरंच ऐकतात का?

---

मोसंबी_जालना

@बांधकरी, ऐकतात, रोज ऐकतात. मी औरंगाबाद खंडपीठात वकिली करते. आमच्या बोर्डावर रस्ता, बांध, विहिरीची पाळी, सरपंचाची अपात्रता, रेशन दुकान, शिक्षकाची मान्यता हेच जास्त असतं. टीव्हीवर दिसणारी हायकोर्टातली प्रकरणं त्या मानाने थोडी.

पण कशाखाली जाता ते समजून घ्या. संविधानाच्या कलम २२७ खाली हायकोर्टाला खालच्या न्यायालयांवर आणि न्यायाधिकरणांवर देखरेखीचा अधिकार आहे. ते अपील नाही. प्रांतांनी अधिकाराबाहेर जाऊन हुकूम केला का, तुम्हाला न ऐकता केला का, पंचनामा डोळ्याआड केला का, एवढंच बघतील. "माझ्या मते तहसीलदार बरोबर" एवढ्यावर न्यायमूर्ती हुकूम बदलत नाहीत. दिवाणी कोर्टाच्या न्यायिक हुकमाविरुद्ध कलम २२६ चं रिट चालत नाही, २२७ खालीच यावं लागतं, हे सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्ये राधेश्याम प्रकरणात स्पष्ट केलं आहे.

आणखी एक. मामलेदार कोर्टातला अर्ज अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत करावा लागतो. तुमचा तसा झाला होता का ते आधी बघा, समोरचा वकील पहिला मुद्दा तोच काढेल. आणि हा हुकूम दिवाणी कोर्टाच्या निकालाच्या अधीन असतो. रस्त्याचा हक्क कायमचा ठरवून हवा असेल तर दिवाणी दावा करावाच लागेल. रिटमध्ये वर्षं घालवून मग दाव्याकडे वळलेले पक्षकार मी बघितलेत, तोवर वहिवाटीचे म्हातारे साक्षीदार गेलेले असतात.

@वेण्णाकाठ, तुमच्या आत्यांच्या बाजूने एक मोठी गोष्ट आहे. ११ ऑगस्ट २०२० चा विनिता शर्मा निकाल. मुलीला सहदायिकीचा, म्हणजे वडिलोपार्जित एकत्र मिळकतीतल्या हिस्स्याचा, हक्क जन्माने आहे, ९ सप्टेंबर २००५ ला वडील हयात असण्याची गरज नाही, हे त्यात आलंच. पण तुमच्या कामाचा भाग पुढे आहे. तोंडी वाटपाचा बचाव सहजासहजी मान्य करायचा नाही, सार्वजनिक दस्तांचा भक्कम आधार असेल तरच अपवाद, असं त्यात म्हटलं आहे. जिल्हा कोर्टाचा निकाल २०१९ चा, हा २०२०चा. अपील चालू असताना आलेला असला तरी तो तुम्हाला लागू होतो, कारण अपील म्हणजे दाव्याचाच पुढचा भाग. वकिलांनी बरोबर प्रश्न मांडला आहे.

---

मांडवीतीर

गोव्याहून लिहितोय. आमच्याकडे हे भांडण या रूपात येतच नाही. पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्यात मुलगा-मुलगी वारसा हक्काने समान, आणि वाटप इन्व्हेंटरी प्रोसीडिंगमध्ये होतं. सगळे वारस, सगळी मालमत्ता एका यादीत येते. कुणाला डावलायचं म्हटलं तर यादीतच दिसतं. म्हणून भांडणं संपतात असं मात्र नाही. यादीत एखादं भाट (बागायत) आलंच नाही, कुणाला नोटीसच गेली नाही, यावरून पर्वरीला हायकोर्टात जाणारे आहेतच.

---

यंत्रमाग

माझा अनुभव फौजदारीतला, पण मूळ पैशाचंच. इचलकरंजीत सुताचा व्यवहार. पार्टीने साडेचार लाखांचा चेक दिला, तो परत आला. चेक न वटल्याच्या गुन्ह्याचं कलम १३८, त्याची नोटीस तीस दिवसांच्या आत, पैसे द्यायला पंधरा दिवस, त्यानंतर महिन्याच्या आत तक्रार. या तारखा मी पाळल्या कारण आधी एकदा सहा दिवस उशीर होऊन हात पोळले होते.

मॅजिस्ट्रेट कोर्टात शिक्षा झाली. पार्टी सेशन्सला गेली. तिथे भरपाईच्या किमान वीस टक्के रक्कम भरायचा हुकूम होतो, २०१८ च्या दुरुस्तीपासून कलम १४८ मध्ये तशी तरतूद आहे. ती भरली, अपील हरले, मग हायकोर्टात रिव्हिजन. तिथे मला धास्ती होती की आता सगळं पुन्हा पहिल्यापासून. तसं झालं नाही. दोन्ही कोर्टांनी एकच निष्कर्ष काढलेला असताना रिव्हिजनमध्ये पुरावा नव्याने तोलत नाहीत. न्यायमूर्तींनी समोरच्या वकिलांना विचारलं, मिटवता का? तिसऱ्या तारखेला डिमांड ड्राफ्ट मिळाला.

सात वर्षं लागली. व्याज धरलं तर तोट्यातच आहे. पण माझी पावती, डिलिव्हरी चलन, खातेउतारा हे सगळं पहिल्याच दिवशी निशाणी (कोर्टाचा पुरावा क्रमांक) पडून रेकॉर्डवर होतं, म्हणून वर टिकलो. शेजारच्या कारखानदाराचं चलन गहाळ झालं होतं. "वरच्या कोर्टात दाखवू" म्हणत राहिले. ते चलन कुणी बघितलंही नाही.

---

मोसंबी_जालना

@यंत्रमाग, अगदी. याच मुद्द्यावर सप्टेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, प्रकरण गोव्याचं. खालच्या दोन्ही कोर्टांनी चेकवाल्याला दोषी धरलं होतं, हायकोर्टाने रिव्हिजनमध्ये सोडलं. सुप्रीम कोर्टाने शिक्षा परत कायम केली आणि रिव्हिजनची मर्यादा पुन्हा सांगितली. तडजोडीचा खर्चही कमी केला. २०१० पासून सेशन्स किंवा हायकोर्टात मिटवलं तर चेकच्या रकमेच्या पंधरा टक्के भरावे लागायचे, ते आता साडेसात टक्के. जितक्या खाली मिटवाल तितकं स्वस्त, हे तत्त्व कायम आहे.

---

मोगरा

४९८-अ, म्हणजे सासरच्या छळाच्या कलमाबद्दल लिहू का, धाग्यात बसेल ना?

माझ्या भावावर, आईवर आणि माझ्यावर गुन्हा दाखल झाला होता. माझं लग्न होऊन मी तेव्हा नाशिकला नऊ वर्षं राहत होते. भावाच्या घरी वर्षातून दोनदा, भाऊबीज आणि जत्रेला जायचे. फिर्यादीत माझं नाव एका ओळीत: "नणंदेने फोनवरून चिथावणी दिली." तारीख नाही, शब्द नाहीत.

हायकोर्टात गुन्हा रद्द करायचा अर्ज केला. तेव्हा कलम ४८२ होतं. (आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते ५२८ झालंय आणि ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन, त्यामुळे लोकांचा गोंधळ होतो.) आमचा अर्ज दोन न्यायमूर्तींसमोर होता. त्यांनी फिर्याद वाचली, आमचं उत्तर फारसं वाचलंच नाही. नंतर वकिलांनी कारण सांगितलं. १९९२ च्या अहवालात छापलेला भजनलाल निकाल आहे. फिर्यादीतला मजकूर जसाच्या तसा खरा धरला तरी गुन्हा होतो का, एवढंच तिथे बघायचं असतं. माझ्याविरुद्धचा गुन्हा रद्द झाला. २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने सासरच्या सगळ्यांवर मोघम आरोप करण्याबद्दल जे म्हटलं होतं त्याचा आधार घेतला. भावाविरुद्ध मात्र तारीखवार आरोप होते, त्याचा अर्ज मागे घ्यावा लागला. "हे पुराव्याचे प्रश्न आहेत, ट्रायलमध्ये ठरतील," एवढं वाक्य.

तेव्हा वाईट वाटलं होतं. आता वाटतं, तेच बरोबर होतं. माझ्या भावाने काय केलं हे मलाही पूर्ण माहीत नाही. त्या मुलीचं साक्षीच्या पिंजऱ्यात ऐकून घेतल्याशिवाय कुणी ठरवणं तिच्यावर अन्याय झाला असता.

---

शेवंती

@मोगरा, तुमचं शेवटचं वाक्य वाचून लिहायचं धाडस करते आहे. मी दुसऱ्या बाजूची. मी फिर्यादी होते.

माझ्याकडे दवाखान्याचे कागद होते. आरोपपत्र दाखल झालं, तीन वर्षं केस उभी राहिली नाही. शेवटी दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी बसून ठरवलं: घटस्फोट संमतीने, स्त्रीधन परत, एकरकमी पोटगी, आणि मी गुन्हा रद्द करायला संमती द्यायची. हा गुन्हा आपसात मिटवण्याजोग्यांच्या यादीत नाही, म्हणून हायकोर्टातच जावं लागतं. २०१२ च्या ग्यानसिंग निकालाने तो रस्ता पक्का झाला. खून, बलात्कार, दरोडा यांसारखे गुन्हे मिटले म्हणून रद्द होत नाहीत, पण नवरा-बायकोचे, पैशाचे, खाजगी स्वरूपाचे होऊ शकतात.

न्यायमूर्तींनी मला पुढे बोलावलं. मराठीत विचारलं, "दबाव आहे का? पैसे हातात आले का? समजून सही केली का?" मी हो, हो, हो म्हटलं. पैसे आले होते, तेवढं खरं. दबावाचं उत्तर इतकं सरळ नव्हतं. वडिलांना दोनदा झटका येऊन गेला होता, मला तारखा थांबवायच्या होत्या. हा दबाव कोणत्या कोर्टाला कसा सांगणार?

तडजोड वाईट असं म्हणत नाही, माझं आयुष्य पुढे गेलं. पण हायकोर्टात ज्या झरझर अशा तडजोडी नोंदल्या जातात त्यातली प्रत्येक समाधानाची नसते. खाली केस वेळेत उभी राहिली असती तर मी वर गेलेच नसते.

---

वेण्णाकाठ

@शेवंती, तुमचा प्रतिसाद आत्याला वाचून दाखवला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तिला सांग, मीपण तसंच हो म्हटलं असतं."

@जुना_नाझर, नक्कल काढायला अर्ज दिलाय.

---

सह्याद्रीवारा

एक शंका. सुप्रीम कोर्टाने सांगितलंय ना की कुठलाही स्टे सहा महिन्यांनी आपोआप उठतो? मग आत्यांचा जैसे थे हुकूम उठला तर चुलते जमीन विकून मोकळे.

---

मोसंबी_जालना

@सह्याद्रीवारा, ते २०१८ मधलं. २९ फेब्रुवारी २०२४ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तो भाग उलटवला. आता स्टे आपोआप उठत नाही, उठवायचा तर अर्ज करून दोन्ही बाजू ऐकून. अजून बऱ्याच जणांना जुनंच माहीत आहे, म्हणून ठळकपणे लिहिते.

पण उलटही लक्षात ठेवा. नुसतं अपील केलं म्हणजे स्टे मिळाला असं नाही. वेगळा अर्ज करावा लागतो. अपील दाखल करून घरी बसलेल्या पक्षकाराच्या दारात दरखास्तीचा, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा, बेलिफ येऊन उभा राहतो, तेव्हा धावपळ होते.

---

जुना_नाझर

दरखास्तीवरून आठवलं. वाटपाच्या दाव्यात हायकोर्टापर्यंत जिंकलं तरी पुढे अजून आहे, आत्यांच्या मनाची तयारी करून ठेवा. हुकूमनाम्यात फक्त हिस्सा ठरतो. शेतजमिनीचं प्रत्यक्ष सरस-निरस (जमिनीची प्रत बघून केलेलं) वाटप दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ प्रमाणे कलेक्टरांकडे जातं, मग मोजणी, तक्ता, हरकती. खालून वरपर्यंत सोळा वर्षं आणि मग पुन्हा तहसीलदार कचेरी. मला या व्यवस्थेचं सगळ्यात जास्त दुःख याच जागी होतं. पक्षकार म्हातारा झालेला असतो आणि हातात अजून कागदच असतो.

आणि वारसांचं. अपील पडून असताना कुणी पक्षकार गेला तर नव्वद दिवसांत वारस रेकॉर्डवर घ्यायचे, नाहीतर त्याच्यापुरतं अपील संपतं. मग विलंबमाफी वगैरे. तुमच्या वडिलांच्या वेळी ते झालं म्हणून तुम्ही आज आहात. सहा-सहा वर्षं न लागणाऱ्या अपिलात हे विसरायला होतं. वकील मुंबईत, मयत गावात, कळवायचं कुणी?

---

वाळवंटातला_मराठी

मी कतारला असतो. गावच्या घराचा दावा चालू आहे. इथल्या दूतावासातून मुखत्यारपत्र करून धाकट्या भावाला पाठवलं, तिकडे पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरावा लागतो तेही केलं. आता साक्ष द्यायची वेळ आली आहे. भाऊ माझ्या वतीने साक्ष देईल ना? रजा मिळणं फार कठीण आहे.

---

मोसंबी_जालना

@वाळवंटातला_मराठी, कृपया स्वतः द्या. मुखत्याराने दावा चालवणं वेगळं आणि साक्ष देणं वेगळं. जे फक्त तुम्हालाच माहीत आहे, म्हणजे वडिलांशी काय बोलणं झालं, पैसे कुणी दिले, त्याबद्दल भाऊ तुमच्या जागी साक्ष देऊ शकत नाही. इंडसइंड बँकेच्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टाने हे सांगून वीसेक वर्षं झाली. खाली कुणी हरकत घेत नाही, साक्ष होते, निकालही मिळतो. आणि मग अपिलात समोरचा नेमकं हेच दाखवतो आणि सगळं कोसळतं. व्हिडिओद्वारे साक्ष नोंदवायची परवानगी मागता येते, वकिलांना तसा अर्ज करायला सांगा.

---

बांधकरी

भाषेबद्दल कुणीच लिहिलं नाही. तालुक्याला सगळं मराठीत कळतं. जबानी मराठी, निकाल मराठी. वर गेलं की इंग्रजी. आमच्या वडिलांची जबानी भाषांतर होऊन वर गेली, त्यात 'वहिवाट' या शब्दाचं काय झालं असेल कुणास ठाऊक.

---

जुना_नाझर

हे खरं दुखणं आहे. संविधानाच्या कलम ३४८ प्रमाणे हायकोर्टाची भाषा इंग्रजी. 'वहिवाट' म्हणजे ताबा, वापर, रूढी, तिन्ही होऊ शकतं. कोणत्या अर्थाने म्हटलं ते वाक्यावरून ठरतं. म्हणून पेपर बुकातलं (वर पाठवायच्या कागदांच्या संचातलं) भाषांतर पक्षकाराच्या घरातल्या एखाद्या शिकलेल्या मुलाने मूळ जबानीशी ताडून बघावं, असं मी प्रत्येकाला सांगत आलो. चूक दिसली तर वकिलांना सुनावणीआधी दाखवा. न्यायमूर्ती मराठी असले तर मूळ मागवून वाचतात, मी पाठवलेले गठ्ठे पेन्सिलीच्या खुणा होऊन परत आलेले आहेत.

खर्चाचंही सांगतो. बाई माणसाला मोफत विधी सेवा मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही. १९८७ च्या कायद्यात कलम १२ मध्ये आहे, आणि हायकोर्टाची स्वतःची विधी सेवा समिती असते. अनुसूचित जाती-जमाती आणि कोठडीतले लोक यांनाही तसंच. किती बायका दागिने मोडून दुसरं अपील करतात, त्यांना हे कुणी सांगत नाही.

---

मोगरा

@जुना_नाझर, हे माहीत नव्हतं. आमच्या भागातल्या बचतगटाच्या बैठकीत सांगते.

---

वेण्णाकाठ

नक्कल मिळाली. काल रविवारी आत्याच्या घरी बसून सगळं वाचलं.

नाझरकाकांनी विचारलं होतं ते आधी सांगते. त्या साक्षीदाराचा उलटतपास दीड पान आहे. २०१२ सालचा. तेव्हाच्या वकिलांनी विचारलं होतं, "वाटपाला वादी हजर होती का?" उत्तर, "मला आठवत नाही." "कोणता गट कुणाला आला?" उत्तर, "सांगता येणार नाही." आत्या म्हणाली, अगं, मग मी जे सांगणार होते ते यात आहेच की. तिला हे माहीतच नव्हतं. ती त्या दिवशी कोर्टात मागच्या बाकावर होती आणि तिला ऐकू आलं नव्हतं.

दुसरं, निशाणी ३४. १९८७ च्या फेरफाराची नक्कल. त्यात तहसीलदारांच्या वाटपाच्या हुकमाचा कुठे उल्लेख नाही, दोन भावांच्या वर्दीवरून नोंद धरली आहे. खाली माझ्या वडिलांची सही आहे, चुलत्यांची आहे. आत्याची सही नाही, अंगठा नाही. नोटीस कुणाकुणाला दिली त्या जागी दोघा भावांचीच नावं.

---

जुना_नाझर

ताई, ही नक्कल तालुक्यालाच निशाणी पडलेली आहे ना? नवीन दाखल करायची नाही ना?

---

वेण्णाकाठ

हो काका. निशाणी ३४, तालुका कोर्टाचा शिक्का, मार्च २०११. चुलत्यांनी स्वतःच दाखल केलेली आहे.

---

जुना_नाझर

मग ती आजच वकिलांना पाठवा, पान क्रमांकासकट. नवा पुरावा वर घ्यायला फार मोठं कारण लागतं, पण हा त्यांच्याच हाताने गठ्ठ्यात आलेला आहे. इतर हक्कात नाव असलेल्या बहिणीला नोटीसच नाही, हे न्यायमूर्तींना त्याच कागदावर दिसेल.

---

वेण्णाकाठ

पाठवलं. पुढची तारीख जानेवारीत आहे. आत्या म्हणते या वेळी पुढच्या बाकावर बसायचं. स्वतःच्या जबानीची नक्कल तिने माझ्याकडे ठेवू दिली नाही, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तिच्या ट्रंकेत ठेवली आहे.